व्हॅक लावला, पुढे काय?

गेल्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेले एक गृहस्थ अपघातानंतर १९व्या दिवशी आमच्याकडे आले. पायाला बाहेरून मोडलेले हाड धरून ठेवणारे एक्स्टर्नल फिक्सेटरचे दांडे बसवलेले होते, नडगीच्या मधोमध काळा फोम, त्यावर चकचकीत पारदर्शक पट्टी आणि तिच्यातून निघालेली नळी कॉटच्या कडेला लटकवलेल्या यंत्रात गेलेली. पट्टी घट्ट चिकटलेली होती, डब्यात जेमतेम दोन बोटे पाणी साचले होते, वास अजिबात नव्हता. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मॅडम, मशीनचं ड्रेसिंग सहा वेळा बदललं. आता जखम भरत आली असंल की."

ऑपरेशन थिएटरमध्ये फोम उचलला तेव्हा कडेने लालचुटूक, दाणेदार, कोणत्याही सर्जनला आवडेल असे मांस भरून आलेले होते आणि त्याच्या मधोमध नडगीचे हाड उघडेच होते, कोरडे आणि पिवळट. छिन्नीने खरवडल्यावर जिवंत हाडातून रक्ताचे बारीक लाल ठिपके फुटतात. येथे चार सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्यात एकही ठिपका आला नाही. यंत्राने त्याचे काम चोख केले होते. त्या तीन आठवड्यांत माणसांनी जे करायचे होते ते मात्र राहून गेले होते. आधीच्या रुग्णालयाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण अशा चुका मीही केल्या आहेत आणि त्यांतली एक पुढे सांगणार आहे.

मी प्लास्टिक सर्जन आहे. जिल्ह्याच्या गावी काम करते आणि हातापायांच्या जखमा हा माझ्या दिवसाचा मोठा भाग आहे. शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या किंवा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या जखमांवर जी ऋण दाबाची चिकित्सा वापरतात, तिला आम्ही 'व्हॅक' म्हणतो आणि नातेवाईक 'मशीन' म्हणतात. या दोन शब्दांतच थोडा घोटाळा दडलेला आहे. मशीन म्हटले की ते जखम बरी करणार, अशी समजूत होते आणि सलाइन लावावे तसे 'लावले की झाले' असे वाटू लागते.

'व्हॅक' हा शब्दही तसा फसवाच आहे, कारण आत व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात पोकळी, मुळीच नसते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो आणि यंत्र सामान्यपणे १२५ मिलिमीटरने तो कमी करते, म्हणजे पट्टीखाली साधारण ६३५ उरतात. एकषष्ठांश दाब काढून घेतला, एवढेच. फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याची छिद्रे ४०० ते ६०० मायक्रोमीटरची असतात. ओढ सुरू झाली की तो मनुकेसारखा आकसतो, आकसताना जखमेच्या कडा आत ओढतो आणि त्याच्या प्रत्येक छिद्रात मांसाचा एकेक सूक्ष्म फुगवटा ओढला जातो. ताणल्या गेलेल्या पेशी विभाजनाला लागतात आणि नव्या केशवाहिन्या फुटतात. पाझरणारे पाणी डब्यात गेल्याने सूज उतरते, जखम झाकलेली आणि ओलसर राहते आणि दररोज दोनदा गॉज उपटून काढण्याच्या यातना वाचतात. माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने यातला शेवटचा फायदा सर्वांत मोठा आहे. हाडापर्यंत उघड्या पायावरचे वाळलेले गॉज सोडवताना माणूस कसा ओरडतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

एका आजोबांना हे सगळे समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुंबडीच की हो." तुलना अगदीच चुकीची नाही. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा अशी तीन साधने सांगितलेली आहेत आणि भोपळ्यात दिवा ठेवून त्यातली हवा विरळ करण्याची युक्ती ही दाबाच्या फरकाचीच युक्ती आहे. मात्र तुंबडी कातडीवर काही मिनिटे बसते आणि रक्त बाहेर खेचते, तर व्हॅक उघड्या जखमेवर दिवसच्या दिवस बसतो आणि त्याने रक्त खेचले तर ती आणीबाणी असते. एवढा फरक मी आजोबांना सांगितला आणि त्यांनी तो मान्य केला.

आजचा व्हॅक ज्या लेखांमुळे जगभर पोहोचला, ते १९९७ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधील विन्स्टन-सेलम येथून प्रसिद्ध झाले. लुईस अर्जेंटा आणि मायकेल मोरिकवास यांनी आधी डुकरांवर प्रयोग केले होते. सतत ओढ ठेवल्यास दाणेदार मांस ६३ टक्के अधिक भरते आणि थांबूनथांबून ओढल्यास १०३ टक्के अधिक भरते, असे त्यांना आढळले. थांबूनथांबून ओढणे माणसांना फार दुखते, म्हणून प्रत्यक्षात आम्ही बहुतेक वेळा सततच ठेवतो. त्यांच्या रुग्णांवरील लेखात ३०० जखमा होत्या आणि त्यांपैकी २९६ सुधारल्या, मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याही आधी, १९९३ साली, जर्मनीत फ्लाइशमान आणि सहकाऱ्यांनी उघड्या अस्थिभंगांवर, म्हणजे हाडाबरोबर वरची कातडीही फाटलेल्या जखमांवर, फोम आणि ओढ वापरली होती. म्हणजे हातापायांच्या जखमा या पद्धतीच्या इतिहासात पहिल्यापासून आहेत.

'१२५ दाबावर रक्तप्रवाह चौपट होतो' हे वाक्य त्याच डुकरांवरील प्रयोगांतून आले आणि आम्ही ते परीक्षेत पाठ म्हणून दाखवले. पुढे केप टाउनच्या सर्जनांनी फोमखालच्या ऊतींतला दाब मोजला, तेव्हा तो कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. विचार केला तर ते स्वाभाविकच आहे, कारण आकसणारा फोम आणि त्यावरची ताणलेली पट्टी मिळून खालच्या मांसाला दाबतच असतात. ज्या पायाच्या धमन्या आधीच अरुंद आहेत, त्या पायावर हा हिशेब महागात पडू शकतो. म्हणून पायाला चहूबाजूंनी गुंडाळून व्हॅक लावायचा असेल तर मी दाब कमी ठेवते आणि बोटे उघडी ठेवून सिस्टरना तासातासाला रंग पाहायला सांगते.

आता पुराव्याकडे येते, कारण उत्साहाच्या पहिल्या लाटेनंतर हातापायांच्या बाबतीत चित्र बरेच निवळले आहे. अमेरिकेतील स्टॅनार्ड यांच्या गटाने २०१२ साली गुडघ्याखालच्या, घोट्याजवळच्या आणि टाचेच्या अवघड अस्थिभंगांच्या २४९ रुग्णांवर शिवलेल्या जखमेवरच व्हॅक लावून पाहिला, तेव्हा जंतुसंसर्ग १९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला. बाजारात शिवलेल्या जखमेसाठीच्या छोट्या, खिशात मावणाऱ्या व्हॅकचे पेव फुटायला असे आकडे पुरेसे होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये दोन मोठे अभ्यास झाले. पहिल्यात पायाच्या उघड्या अस्थिभंगाचे ४६० रुग्ण होते आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतरच्या अपंगत्वाच्या मापनात व्हॅकच्या आणि साध्या ड्रेसिंगच्या गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही आणि खोल जंतुसंसर्ग ७.१ विरुद्ध ८.१ टक्के निघाला. दुसऱ्यात १,५४८ रुग्ण होते, पायाच्या अस्थिभंगाची शस्त्रक्रिया करून शिवलेल्या जखमांवर तो बेतलेला होता आणि २०२० साली आला. त्यातही ३० दिवसांतला खोल जंतुसंसर्ग ५.८४ विरुद्ध ६.६८ टक्के, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही.

हे आकडे वाचून काही सहकारी 'मग व्हॅक फेकून द्यायचा का' असे विचारतात. मला ते आकडे तसे सांगत नाहीत. त्या अभ्यासांतल्या रुग्णांची जखम पहिल्याच शस्त्रक्रियेत अनुभवी हातांनी धुतली गेली होती आणि पुढची कातडी-मांसाची सोय करणारे लोक त्याच इमारतीत होते. तशी सोय असेल तर वर कोणते ड्रेसिंग घातले याने फारसा फरक पडत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. जेथे तशी सोय नाही, तेथे व्हॅक उपयोगी पडतो, कारण रुग्णाला स्वच्छ, झाकलेल्या अवस्थेत ८० किलोमीटर पाठवता येते. तेथेच तो घातकही ठरू शकतो, कारण पाठवण्याची घाई वाटेनाशी होते.

या घाईला आधार आहे. लुब्लियानाच्या मार्को गोडिना यांनी १९८६ साली ५३२ रुग्णांचा अनुभव मांडला. ७२ तासांच्या आत फ्लॅप, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह आणलेला जिवंत मांसाचा किंवा कातडीचा तुकडा, लावून झाकलेल्या जखमांत फ्लॅप फसण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते आणि उशीर झालेल्यांत ते १२ टक्क्यांवर गेले. व्हॅक आल्यावर 'आता ७२ तासांचे बंधन सुटले' असे अनेकांना वाटू लागले. २००८ साली नडगीच्या उघड्या अस्थिभंगाच्या ३८ रुग्णांवरील एका लहान अभ्यासाने ते वाटणे बरेचसे उतरवले. सर्वांना व्हॅक लावलेला होता, तरीही सात दिवसांच्या आत झाकलेल्यांत जंतुसंसर्ग १२.५ टक्के होता आणि त्यानंतर झाकलेल्यांत ५७ टक्के. आपल्याकडे कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलने हाड बसवणारे आणि कातडी झाकणारे सर्जन पहिल्याच रात्री एकत्र उभे करण्याची पद्धत कित्येक वर्षे चालवून दाखवलेली आहे. म्हणजे हे परदेशातच जमते, असेही नाही.

नडगीचा पुढचा भाग हाताने चाचपून पाहावा. कातडीखाली लगेच हाड लागते, मध्ये मांस नाही. येथे हाडावरचे आवरण शाबूत असेल तर व्हॅकखाली त्यावर दाणेदार मांस चढते आणि मांडीची पातळ कातडी लावून काम भागते. आवरण सोलले गेले असेल तर कितीही फोम बदला, मांस कडेने येते आणि मधले हाड वाळत राहते. तेथे जिवंत मांस आणूनच झाकावे लागते. वरच्या तिसऱ्या भागात पोटरीचा मोठा स्नायू वळवता येतो, मधल्या भागात त्याखालचा सोलियस, आणि खालच्या भागात बहुधा दुसरीकडचे मांस रक्तवाहिन्यांसह आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडावे लागते. फेशिओटॉमीच्या, म्हणजे सुजलेल्या पोटरीचा दाब उतरवण्यासाठी मुद्दाम घेतलेल्या लांब चिरांच्या जखमांत मात्र व्हॅकसारखे सोयीचे दुसरे काही नाही. सूज भराभर उतरते, कडा जवळ येतात आणि कित्येकदा कातडी लावण्याचीही गरज उरत नाही.

लावण्याच्या कामात कसब आहे आणि ते पुस्तकात मिळत नाही. फोम जखमेवर धरून कापायचा नाही, कारण त्याचा चुरा आत पडतो. तो बाजूला ट्रेमध्ये कापायचा आणि झाडून घ्यायचा. फोम निरोगी कातडीवर टेकू द्यायचा नाही, नाहीतर दोन दिवसांत ती कातडी पांढरी, लिबलिबीत होते. पट्टीला नळीसाठी रुपयाच्या नाण्याएवढे गोल भोक पाडायचे, चीर द्यायची नाही, कारण चीर आपोआप मिटते. खरी परीक्षा फिक्सेटरच्या पिनांभोवती होते. तेथे अखंड पट्टी बसत नाही, म्हणून तिच्या अरुंद पट्ट्या कापून पिनेच्या दोन्ही बाजूंनी आणायच्या आणि करंजीला मुरड घालावी तशा एकमेकींवर दाबत जायच्या. मुरड कोठे सुटली तर बारीक 'सूंऽऽ' असा आवाज येतो आणि तो ऐकण्यासाठी थिएटरमधला पंखा आणि गप्पा दोन्ही बंद करावे लागतात. आमच्या एका सिस्टर ओले बोट फिरवून गळती शोधतात, यंत्राच्या गजरापेक्षा लवकर.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका मधुमेही मावशींच्या टाचेच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेला आत एक बोळ होता. त्यात मी फोमची एक लहान पट्टी सारली आणि वर मोठा तुकडा ठेवला. दोन तुकडे आहेत हे मी मनात ठेवले, कागदावर लिहिले नाही. पुढचे ड्रेसिंग माझ्या गैरहजेरीत झाले. वरचा तुकडा निघाला, नवा बसला आणि आतला तेथेच राहिला. नव्या मांसाने त्याला कवेत घेतले. पंधरा दिवसांनी पू येऊ लागला तेव्हा पुन्हा भूल देऊन तो काळा चिंधीसारखा तुकडा मी स्वतः काढला आणि मावशींना काय झाले ते तसेच सांगितले. त्या मला काही बोलल्या नाहीत, त्यांचा मुलगा बोलला आणि त्याचे म्हणणे बरोबर होते. तेव्हापासून आमच्याकडे पट्टीवरच मार्करने तारीख आणि 'फोम २' किंवा 'फोम ३' असे लिहिले जाते, केसपेपरवरही लिहिले जाते आणि काढताना मोठ्याने मोजले जाते. कापलेले तुकडे मोजण्याची ही शिस्त पोटाच्या शस्त्रक्रियेत आम्ही कधी सोडली नसती. पायाच्या बाबतीत ती सोडली, कारण ते 'ड्रेसिंगच तर आहे' असे वाटले.

विजेचेही तसेच. बॅटरी उतरलेले जुने यंत्र, पावसाळ्यातली रात्र, वॉर्डातला दिवा गेला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, असे झाले की हवाबंद पट्टीखाली ओला फोम कोंडून राहतो आणि सकाळी वासावरूनच कळते. ओढ दोन तासांहून अधिक बंद राहिली तर डॉक्टरांची वाट न पाहता पट्टी आणि फोम काढायचा, सलाइनने धुवायचे आणि ओले गॉज ठेवायचे, अशी लेखी सूचना आता वॉर्डात चिकटवलेली आहे.

खर्चाविषयी बोलणे भाग आहे. कंपनीचा फोम, पट्टी, डबा असा संच दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा म्हणजे प्रत्येक वेळी काही हजार रुपये, आणि ज्याचा पाय ट्रॉलीखाली गेला त्याची मजुरीही त्याच दिवशी थांबलेली असते. व्हॅकच्या नावाने रुग्णाचा पाय भरतो आहे की कोणाची तुंबडी भरते आहे, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला तर राग मानू नये. निर्जंतुक केलेला साधा फोम, राइल्स ट्यूब (एरवी नाकातून पोटात घालतात ती नळी), चिकट पट्टी आणि भिंतीवरचे सक्शन असा घरगुती व्हॅक अनेक सरकारी रुग्णालयांत चालतो आणि मीही तो वापरते. अट एकच, सक्शनला दाब मोजणारा आणि आवरणारा मीटर हवा. भिंतीचे सक्शन मोकळे सोडले तर ते कोठवर जाईल याचा नेम नसतो आणि ४०० च्या वर दाब गेला की डुकरांवरील प्रयोगांतही रक्तप्रवाह खुंटत होता.

हृदयरोगासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, उघडी पडलेली रक्तवाहिनी, न काढलेले काळे मेलेले मांस, उपचार न झालेला हाडातला जंतुसंसर्ग, कर्करोगाची जखम: या नावांपाशी हात थांबला पाहिजे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ आणि २०११ साली दोन इशारे काढले, तोवर १२ मृत्यू नोंदले गेले होते आणि त्यांत रक्तस्राव हे सर्वांत गंभीर कारण होते. म्हणून व्हॅक लावून घरी जाणाऱ्याच्या नातेवाइकांना मी एवढेच पाठ करून घेते: नळीत ताजे लाल रक्त दिसले तर यंत्र बंद करा, जखमेवर पट्टीवरूनच जोराने दाबून धरा आणि तसेच निघा.

मधुमेही पायाच्या बाबतीत पुरावा थोडा अधिक उजळ आहे. पायाचा काही भाग काढावा लागलेल्या १६२ रुग्णांवरील २००५ सालच्या अभ्यासात १६ आठवड्यांत व्हॅकच्या गटातल्या ५६ टक्के आणि साध्या ड्रेसिंगच्या गटातल्या ३९ टक्के जखमा मिटल्या. मात्र त्या सर्वांच्या पायाला रक्तपुरवठा पुरेसा होता. घोट्यापाशी नाडी न चाचपता फोमचे पाकीट फोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

ट्रॉलीखाली सापडलेल्या त्या गृहस्थांचे मेलेले चार सेंटीमीटर हाड काढावे लागले. त्याच बैठकीत सोलियस स्नायू वळवून खड्डा झाकला, त्यावर मांडीची कातडी लावली आणि कातडी हलू नये म्हणून तिच्यावर पाच दिवस पुन्हा व्हॅकच लावला. लावलेल्या कातडीवर तो समान दाब देतो आणि खाली पाणी साचू देत नाही. या कामात मला तो सर्वांत विश्वासू वाटतो. पाचव्या दिवशी यंत्र उचलून नेले तेव्हा पत्नीने काळजीने विचारले, "मग आता पायाला काय लावणार?" पुढचे काम आमच्या हाडांच्या सर्जनचे होते. त्यांनी इलिझारोव्हच्या कड्या, म्हणजे हाड हळूहळू सरकवून काढलेल्या हाडाची जागा भरून आणणारी बाहेरची चौकट, बसवली आणि नट कसा फिरवायचा ते पत्नीला शिकवले: दर सहा तासांनी पाव मिलिमीटर, दिवसाला एक मिलिमीटर, ४० दिवस.

तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाची पाने घडी करून सोबत आणली होती. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेनाच्या चार उभ्या रेघा होत्या आणि एका तारखेला तीनच. त्या दिवशी गावची जत्रा होती, हे त्यांनीच सांगितले.